गव्याचा गुडघा

एका जंगलात रणगाजी नावाचा गवा राहत होता. मिशीवाल्या बाळांनो, नीट ऐका. गोष्ट तुमचीच आहे, पण मी गव्याची म्हणून सांगतो, म्हणजे तुम्हाला हसता येईल.

त्या जंगलात एक रीत होती. नराने मान ताठ ठेवायची, खाली बघायचं नाही. खालच्या अवयवाला तर नावच नव्हतं. सगळे त्याला 'तिकडे' म्हणत. शिवी देताना मात्र सगळ्यांना सगळी नावं आठवत.

वैशाखातल्या मुहूर्तावर रणगाजीचं काजळी नावाच्या गवीशी लग्न ठरलं. लग्न जवळ आलं म्हणून त्याने ओढ्यात अंग घासून आंघोळ केली आणि जन्मात पहिल्यांदा नीट खाली बघितलं. तिकडे, कडेने, खसखशीएवढे पांढरट दाणे होते. एका ओळीत. दुखत नव्हते, खाजत नव्हते.

एकदा वाघाला शिंगावर घेतलेला हा प्राणी, खसखशीला घाबरला.

त्याने आपल्या मित्राला, मुसळ्या रानडुकराला विचारलं, "तुला तिकडे कधी काही दाणेबिणे?"

"मला?" मुसळ्या चिखलात आणखी खोल बसला. "आपलं तिकडे एकदम गुळगुळीत. दाणे म्हणजे पापाचं फळ, गाजीराव. काजळीवहिनींना कळलं तर लग्न मोडलं म्हणून समजा."

मुसळ्याने स्वतः कधी खाली बघितलं नव्हतं. पण मत द्यायला बघावं लागतं असं थोडंच आहे.

रणगाजीला काजळी मनापासून आवडायची. तिच्याशिवाय त्याला चारा गोड लागत नसे. म्हणून तो धीर करून साळूबाई साळिंदरीकडे गेला. ती जंगलातली जाणती वैद्यीण.

"काय होतंय?" साळूबाईने विचारलं.

"दाणे आलेत."

"कुठे?"

रणगाजीने आभाळाकडे बघितलं. मग झाडाकडे. "गुडघ्याला," तो म्हणाला.

"दाखवा गुडघा."

"माझा नाही. मित्राचा."

"मग मित्राला आणा."

"तो लाजतो."

"गुडघा दाखवायला?" साळूबाईने सुस्कारा सोडला. "गुडघ्याला घट्टे पडले असतील. हा बिब्ब्याचा लेप घ्या. जाड कातडीलाच लावायचा हं. नाजूक जागी लागला तर सालटं काढील."

रणगाजीने सगळं लक्षपूर्वक ऐकलं. घरी गेला आणि लेप तिकडे लावला.

पुढचे तीन दिवस तो ओढ्याच्या गार पाण्यात कंबरेपर्यंत बसून होता. विचारेल त्याला सांगत होता, तपश्चर्या चालू आहे. मुसळ्याने लांबून नमस्कार केला.

चौथ्या दिवशी साळूबाई ओढ्यावर आली. तिने पाण्याकडे बघितलं, त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि सगळं ओळखलं.

"अहो, ओळीने बारीक, न दुखणारे असतील, तर ते दाणे बहुतेक वयात आल्यापासूनच असतील. कितीतरी नरांना असतात. तो रोग नाही, पाप नाही, कुणाकडून येत नाही, कुणाला लागत नाही. जखम झाली, पाणी आलं, गाठ लागली, काही नवीन वाढायला लागलं, तर दाखवायचं. नाहीतर हातही लावायचा नाही. आता जे तुम्ही करून ठेवलंय, त्याला मात्र महिना लागेल. खरं का नाही सांगितलंत?"

"तुम्ही बाईमाणूस."

"चिंचेखाली कासवतात्या बसतात. तेही वैद्यच आहेत. त्यांच्याकडे जायचं."

"ते तर पुरुष," रणगाजी म्हणाला. "ते काय म्हणतील?"

साळूबाईने कपाळावर हात मारला. तेवढ्यात काजळी आली. तिला निरोप गेला होता की लग्न पुढे ढकललंय. कारण कुणी सांगितलं नव्हतं.

"काय झालंय तुम्हाला?" तिने विचारलं. रात्रभर रडून तिचे डोळे सुजले होते. "माझं काही चुकलं का? आजार असेल तर मी थांबेन. वर्षभर थांबेन. फक्त खरं सांगा."

साळूबाई हळूच म्हणाली, "सांगा की. चार शब्दांचं काम आहे."

रणगाजीने मान ताठ केली.

"गुडघा दुखतोय," तो म्हणाला.

काजळीने त्याचे चारही गुडघे बघितले. धडधाकट होते. "उद्या मी आजारी पडले, पोरं आजारी पडली, तरी तुम्ही असंच करणार," ती म्हणाली आणि पलीकडच्या कुरणात निघून गेली. तिने एकदाही मागे बघितलं नाही. रणगाजी पाण्यातच रडला, म्हणून ते कुणाला दिसलं नाही.

जंगलातल्या नरांनी सभा भरवली. रणगाजीने जिवावर बेतलं तरी तोंड उघडलं नाही, म्हणून त्याच्या गळ्यात पळसफुलांचा हार घातला. मुसळ्याने भाषण केलं, त्यात 'तिकडच्या दाण्यां'चा ओझरता उल्लेखही केला. टाळ्या पडल्या.

मग सभेला आलेले सगळे नर घरी गेले आणि त्यांनी गुपचूप खाली बघितलं.

दुसऱ्या दिवशी साळूबाईच्या दारात अकरा नर उभे होते. मुसळ्या सगळ्यांत पुढे होता.

"काय होतंय?" साळूबाईने विचारलं.

"गुडघा," अकरा जण म्हणाले.

तात्पर्य: कातडी गेली तर महिन्याभरात नवी येते. नवरी गेली तर दुसरीचं स्थळ बघता येतं. पुरुषाची अब्रू मात्र फार नाजूक असते. वैद्याला एक खरं वाक्य सांगितलं तरी ती मरते, म्हणून तिला जपावं आणि स्वतः मरावं.