वैरागडे सरांचं ‘जुनं रद्द!’

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, रायपूरच्या बूढापाऱ्यातले वैरागडे सर यापुढे गुरुवारचा उपास करणार नाहीत.

हसू नका. ही घोषणा सरांनी स्वतः घरोघरी फिरून केली. आमच्या दारात उभे राहून म्हणाले, "भाऊ, माझा गुरुवारचा उपास. जुनं रद्द!" आणि पाणीही न पिता पुढच्या दाराकडे वळले. ज्यांना त्यांच्या उपासाचा पत्ताच नव्हता, त्यांच्याकडे मात्र गेले नाहीत. "त्यांच्यापाशी नक्कलच नाही, तर रद्द काय करू?"

सर इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शिकवत आणि त्यातल्या एकाच प्रकरणावर त्यांचा जीव होता. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातला मी, पण त्यांनी ते मला इतक्यांदा समजावलं की आजही परीक्षेला बसेन. एका यंत्रात अनेक प्रोसेसर. मुख्य मेमरी लांब. सारखं तिथे कोण जाणार? म्हणून प्रत्येक जण लागेल त्या माहितीची नक्कल आपल्याजवळच्या छोट्या साठ्यात, म्हणजे कॅशमध्ये, ठेवतो. आता एकाने आकडा बदलला, की बाकीच्यांपाशी जुनाच राहतो.

"अन् गंमत पाहा भाऊ," सर डोळे मोठे करत, "जुन्यावाल्याले वाटते आपलंच खरं! बिघडलेलं यंत्र परवडलं, बंद तरी पडते. हे तर जोरात चालून राहिलं, अन् चुकीचं!"

उपाय सोपा. बदलणाऱ्याने आधी बाकीच्यांच्या नकला रद्द करायच्या, मगच नवं लिहायचं. त्यासाठी एक तर सगळ्यांनी सामाईक तारेवर कान लावून बसायचं, नाहीतर कोणापाशी कसली नक्कल आहे हे एकाने ध्यानात ठेवायचं. "आपल्या मोहल्ल्यात पहिलं काम गॅलरीतल्या शांताकाकू करतात," ते आदराने म्हणत. "दुसरं मी."

नवं राज्य होऊन रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं आणि सरांना जणू स्वर्गच सापडला. सरकारी पाट्यांवर जुनं राज्य, शिक्क्यांवर जुनं, बाबूंच्या तोंडी तर जुनंच. सर ऑफिसात शिरून सांगत, "बाबूजी, आपकी नक़ल बासी है." एकाने विचारलं, "आप किस विभाग से हैं?" सर म्हणाले, "मेमरी की तरफ़ से."

आम्ही पोट धरून हसायचो. मग आई आजारी पडली.

आईची साखर फार वर गेली होती. दवाखान्यातून घरी आणली, तर दोन वेळा इन्सुलिनचं इंजेक्शन. सकाळचं द्यायला माझी बहीण मंदा पुरानी बस्तीतून यायची. तिचा त्यात हात बसलेला. एका संध्याकाळी डॉक्टरांनी तपासलं आणि साखर खाली येते आहे म्हणून सकाळचा डोस निम्मा केला. मी बायकोला सांगितलं. बायकोला वाटलं, मंदाला मी सांगेन. मला वाटलं, ती सांगेल.

सकाळी दूध घेऊन येताना गल्लीत सर भेटले. आईची चौकशी केली. मी खुशीत म्हणालो, "डोस निम्मा झाला, सर!"

सरांनी अभिनंदन वगैरे काही केलं नाही. "मंदाताईपाशी कोणता आहे?"

"म्हणजे... बायकोनं सांगितलंच असेल."

पुढचं वाक्य बोलायला सर समोर नव्हतेच. साठीला आलेला माणूस आमच्या घराकडे धावत सुटला. एक चप्पल गल्लीतच राहिली. ती उचलून, दूध सांडत मी मागे धावलो.

दारात पोचलो तेव्हा मंदाच्या हातात भरलेली सिरिंज होती, आई दंड पुढे करून बसली होती आणि मधोमध सर, दोन्ही हात पसरून. "हात थांबवा ताई! जुनं रद्द!"

"काहून जी सर?" मंदा चिडली. "मी रोजच देऊन राहिली न!"

"रोजचंच रद्द झालं!"

आईसुद्धा तिच्याच बाजूची. "अहो सर, इतकंच असते."

डॉक्टरांना नंतर हे सांगितलं. "जुना डोस गेला असता तर महागात पडलं असतं," एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून आमच्या घरात सरांना कोणी हसलं नाही. समोर तरी नाही.

आई हिंडूफिरू लागली, तशी हट्टच धरून बसली: सरांना शर्टाचं कापड घ्यायचं, तेही त्यांच्या नेहमीच्या दुकानातून. आम्ही तिघं गोल बाजारात गेलो. दुकानदाराने सरांना पाहताच गादी झटकली.

"आवव सर! दीदी नइ आइन? ओखर पसंद के कोसा आए हे." आणि त्याने कोशाची साडी पसरलीसुद्धा.

मी सरांकडे पाहिलं. त्यांची बायको, आमच्या काकू, जाऊन बरीच वर्षं झाली होती. तेव्हा सर स्वतः प्रत्येक दारात उभे राहिले होते आणि प्रत्येकाला त्यांनी एका वाक्यात सांगितलं होतं. जुनी नक्कल जवळ असलेला हा एवढा एकच माणूस त्यांनी ठेवला होता.

साडीच्या काठावरून बोट फिरवत सर म्हणाले, "घर में हे. घुटना पिराथे ओखर, दरद हे."

मग त्यांनी आमच्याकडे पाहिलं. इतकं घाबरलेलं मी त्यांना धावतानाही पाहिलं नव्हतं. दुकानदार हसत आईकडे वळला, "सच्ची, अम्मा?"

आईने साडी स्वतःकडे ओढली आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं बोलून गेली, "हव भैया, मैंने ही बोला उसको, आज आराम कर!"