नानांचा म्हातारा ब्राउझर

आमच्या शेजारच्या नानांचं दार वाजवलं की आतून नाना स्वतःच सांगतात, "नाना घरात नाहीत." आवाज त्यांचाच, खोकलासुद्धा त्यांचाच. मी म्हणते, "नाना, मी आहे, लाइटबिल घेऊन आलेय." मग कडी निघते, अर्धं तोंड दिसतं आणि प्रश्न येतो, "सोबत कोन शे?"

दीपनगरच्या वीजकेंद्राच्या गेटवर नोंदवही सांभाळण्यात या माणसाची सगळी नोकरी गेली. येणाऱ्याचं नाव, गाव, गाडीचा नंबर, कोणाला भेटायचंय. जन्मभर दुसऱ्यांना खोदून खोदून विचारलं आणि आता स्वतःचं नाव कोणी विचारलं की घाम फुटतो. मूळचे धुळ्याकडचे. घाबरले की अहिराणीवर येतात. म्हणजे दिवसभर अहिराणीतच असतात म्हणा ना.

मी जळगावात घरच्याच पुढच्या खोलीत ऑनलाइन फॉर्म भरून देते. जीभ माझी जरा सैल, तीच नडली. एकदा नानांनी विचारलं, मी लॅपटॉपवर बसलोय की मोबाइलवर, हे साइटला कसं कळतं? मी सहज सांगून गेले, "ब्राउझर सांगतो. साइटच्या दारात गेला की तो आधी ओळख देतो. मी अमुक ब्राउझर, अमका नंबर, अमक्या मशीनवरून आलोय."

नानांच्या हातातला कप बशीत खडखडला. "बठ्ठं सांगस? याले कोनी इचारं?"

"अहो, सगळं कुठे? तुमचं नाव नाही सांगत," मी समजूत काढली. "आणि ओळख तरी कुठे खरी असते? पूर्वी एका ब्राउझरचा फार मान होता, साइटवाले त्यालाच चांगली पानं द्यायचे. मग मागून आलेल्यांनी आपल्या ओळखीत त्याचंच नाव घुसडलं. अजून घुसडतात."

"म्हंजे नवरदेवाकडला सांगीसन पंगतले बसी जानं," नाना म्हणाले. "मंग मन्हंबी खोटं नाव लावी दे. एकदम म्हातारं."

दिलं बाई लावून. तेव्हापासून त्यांचा लॅपटॉप जगाला सांगत फिरतो, मी वीस वर्षांपूर्वीचा ब्राउझर आहे. एसटीच्या वेळापत्रकाची अक्षरं एकमेकांवर चढली. गॅसच्या साइटने तर 'ब्राउझर फार जुना आहे' म्हणून दारातूनच परत पाठवलं. नाना खूश, "वळखलं नही." गॅसचा नंबर लावायचं काम आलं माझ्या माथी.

तरी दर दोन दिवसांनी चेहरा पाडून हजर. "नक्की कोन्हाले समजत नही ना?" मी एकदा वैतागून म्हटलं, "नाना, तुम्ही कोण लागून गेलात? तुमच्या मागावर येणार कोण आहे?" हे मी बोलायला नको होतं.

मागच्या आठवड्यात साडेचारला नाना आले ते लॅपटॉप छातीशी धरून.

"तिनी वळखी लिधं."

"कोणी?"

"सुनंदानी."

सुनंदा ही त्यांची एकुलती मुलगी. तिने सहा वर्षांपूर्वी स्वतःच्या मर्जीने लग्न केलं, तेव्हा नानांनी भर गल्लीत तिला सांगितलं होतं, पुन्हा माझ्या दारात पाय ठेवू नको. आम्ही सगळ्यांनी ऐकलं, मध्ये कोणी पडलं नाही. ती धुळ्याला असते, स्वयंपाकाची साइट चालवते. आणि ज्यांना वरणाला फोडणी देता येत नाही ते आमचे नाना रोज चार वाजता ती साइट वाचत बसतात, हे मला त्या दिवशी कळलं.

"मी येस हाई तिले समजनं तर ती दार बंद करी देई. मंग मी काय वाचू, ताई?"

शहाणपण माझंच होतं. साइट चालवणाऱ्याला आलेल्या प्रत्येक ब्राउझरची नोंद दिसते, आणि त्या नावाचा ब्राउझर आता कोण वापरतं? भर पावसाळ्यात एकटाच माणूस तोंडाला उन्हाचं फडकं बांधून हिंडला, तर लोक त्यालाच आधी बघणार.

मी स्क्रीन बघितला. बिबड्यांच्या, आमच्याकडच्या ज्वारीच्या पापडांच्या, कृतीच्या वर एक पट्टी होती. 'तुमचा ब्राउझर फार जुना आहे. असू दे. या ब्राउझरने रोज चारला एकच जण येतो. त्याच्यासाठी हे पान जुन्या पद्धतीने वेगळं ठेवलंय, अक्षर मोठं केलंय.'

तेच पान मी माझ्या मोबाइलवर उघडलं. पट्टी नव्हती. बंद करून पुन्हा उघडलं. नव्हती.

"नाना, हे फक्त तुम्हालाच दिसतंय," मी म्हटलं.

नाना ऐकायच्या मनःस्थितीतच नव्हते. "नाव बदली दे. आत्तेच बदली दे."

मी सेटिंग उघडलं.

"बदली दिधं तर तिले काय दिसी?" त्यांनी विचारलं.

"उद्या चार वाजता कोणी आलं नाही, असं दिसेल."

नानांनी पट्टी पुन्हा एकदा वाचली. मग लॅपटॉप माझ्या हाताखालून हळूच ओढून घेतला.

"भ्याव वाटस माले," ते म्हणाले. "तरी ऱ्हाऊ दे."