शिनाख्तीशिवाय पासवर्ड नाही

देवरावभाऊ माझ्याच गल्लीत राहतात. रोज सकाळी माझ्याच अंगणातली जास्वंद तोडून नेतात आणि दुपारी ऑफिसात मलाच विचारतात, "नाव काय म्हणलं?"

"अहो, कमला मी! सकाळी फुलं कोणाची नेली?"

"ते सकाळी. आता पयले शिनाख्त."

मग ओळखपत्र काढा, चष्मा काढा, चेहरा दाखवा. तेव्हा कुठे स्वारी पासवर्डला हात लावणार.

आमच्या विद्यापीठाच्या कॉम्प्युटर सेलमध्ये लॉगिन सांभाळायचं काम त्यांच्याकडे आहे. हल्ली एकाच लॉगिनवर दुसऱ्या विद्यापीठांची जर्नलं, ग्रंथालयं, सगळं उघडतं. तिकडचे लोक आपल्याला कुठे ओळखतात? 'हे माणूस आमचं' असं आपल्या विद्यापीठानं सांगायचं, की ते दार उघडतात. आम्हाला ही सोय वाटते, भाऊंना जमानत.

"तिकडचे लोक कोणाच्या भरवशावर दार उघडून राह्यले, मॅडम? माह्या! चोर घुसला तं नाक कोणाचं कापल्या जाईन?"

फोनवर पासवर्ड म्हणून बदलून देणार नाहीत. खुद्द कुलगुरूंनाही त्यांनी खिडकीशी उभं केलं होतं. ओळख पटल्यावर मात्र चहा मागवून गुडघेदुखीवर औषधही सांगितलं. काम चिमूटभर, चौकशी टोपलीभर! सगळं विद्यापीठ वैतागलेलं असतं, पण बोलणार कोण?

गेल्या हिवाळ्यात माझ्यावरच बेतलं. माझी विद्यार्थिनी सुनंदा बाळंतपणाला सीमेपलीकडे तेलंगणात, तलमडुगू गावी माहेरी गेली होती. तिचा फोन हरवला, त्यात पासवर्ड आठवेना, आणि त्याच संध्याकाळपर्यंत प्रबंध ऑनलाइन जमा करायचा होता. मुदत हुकली की नोंदणी रद्द. भावाच्या फोनवरून पोरगी रडत होती. सकाळी ऑफिस उघडताच मी तरातरा खिडकी गाठली.

"भाऊ, ओली बाळंतीण आहे ती! तलमडुगूहून इथे कशी येईल?"

"समजते जी. पण चेहरा पाह्यल्याबिगर नाई देत."

"तुम्ही माणूस आहात का कुलूप?"

भाऊंनी खिडकी लावली, लॅपटॉपची बॅग काखोटीला मारली आणि चालते झाले! माझा असा तळतळाट झाला म्हणून सांगू! रजिस्ट्रारकडे धावले, तर ते म्हणाले, "व्हिडिओ कॉलवर ओळख चालते की. नियमातच आहे." आता मात्र भाऊंना सोडायचं नाही असं मी ठरवलं. पण स्वारी फोनच उचलेना. माझा जीव टांगणीला.

दुपार कलताना सुनंदाचा फोन आला. "मॅडम, प्रबंध जमा झाला! भाऊ बसनं घरीच आले न! मी बाजेवर पडलेली, तरी मले नाव इचारलं. मंग बाळाचं इचारलं. अजून ठेवलं नाई म्हणलं, तं म्हणे, याले लॉगिन भेटत नाई!"

ती हसत होती आणि मीही हसत होते, पण माझा राग काही गेला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी भाऊंना गाठलं.

"व्हिडिओ कॉल चालतो, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक हाये न."

"मग प्रत्येकाला इथे काऊन बोलावता? काल तिकडे काऊन गेले? पोरीचा जीव अर्धा झाला होता!"

भाऊ चष्मा पुसत राहिले. पुसून झाला तरी पुसत राहिले.

"व्हिडिओवर चेहरा दिसते, मॅडम. पण 'जेवून जा' कोणी म्हणत नाई. काल तिच्या मायनं गरम भाकर वाढली. नको म्हणलं तरी अजून एक टाकली ताटात." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "घरी माह्या हातानंच वाढून घेतो न जी."

मी भांडायला आले होते. म्हटलं, "आज रात्री आमच्याकडे जेवायला या, भाऊ."