न तापणारी बॅटरी

आमच्या वरच्या मजल्यावरचे फणसेकाका बॅटरीच्या सेलचा ताप बघतात. हो, तापच. कोरोनाच्या काळात सोसायटीच्या गेटवर सगळ्यांच्या कपाळावर रोखायचं ते पिस्तुलासारखं थर्मामीटर नंतर धूळ खात पडलं होतं. काकांनी सेक्रेटरींच्या मागे लागून ते मिळवलं. आता ते सेलला स्कूटरच्या हेडलाइटचा जुना दिवा जोडतात, जरा वेळ जाऊ देतात आणि पिस्तूल रोखतात. मग खाली माझ्या दाराची बेल वाजते.

"अगं वर्षा, याला कणकण आहे बघ."

मी माजिवड्याच्या ऑफिसातून नुकतीच घरी टेकलेली असते. मला स्वतःलाच कणकण असते. पण काकांना तसं म्हणायची सोय नाही, ते पिस्तूल माझ्यावर रोखतील.

काकांना आपली जुनी सायकल विजेवर चालवायची होती. मोटर आली, वायरी आल्या, ब्रेक बदलून झाले. घोडं अडलं ते सेलवर. एक सेल तापतो, दुसऱ्याचं वेष्टन नवं पण आतला माल जुन्या लॅपटॉपमधला वाटतो, तिसऱ्याचा वास आवडत नाही. तेवढ्या काळात समोरच्या बिल्डिंगमधल्या पाटलांनी दोन इलेक्ट्रिक स्कूटर घेऊन विकल्यासुद्धा.

"घाई नाही आपल्याला," काका म्हणायचे. घाई मला होती. हे प्रकरण एकदाचं संपावं म्हणून मी एका रविवारी त्यांच्याबरोबर कल्याणला गेले.

दुकानदार तरुण, बोलका. त्याने बोटाएवढे सेल पुढे ठेवले. "काका, हे घ्या. वजन कमी, ताकद जास्त. डोंबिवलीला जाऊन परत याल."

"तापतो किती?"

"बॅटरी आहे काका, थोडी तापणारच. फ्रिजमध्ये ठेवणार का?"

काकांनी पिशवीतून पिस्तूल काढलं. दुकानातली दोन गिऱ्हाइकं नकळत मागे सरकली. तासाभराने दुकानदाराने वैतागून फळीवरचे जाडजूड सेल खाली घेतले. "हे आयर्न फॉस्फेटवाले. जड आहेत, जागा जास्त खातात. पण डोकं थंड. सहसा पेट घेत नाहीत. सायकलला कोणी नेत नाही हे."

"हेच द्या," काका म्हणाले.

बॅटरी तयार झाली ती दळणाच्या भरलेल्या डब्याएवढी. पार्किंगमध्ये चार्जिंगला सोसायटीची बंदी, इमारतीला लिफ्ट नाही. बॅटरी वर न्यायची म्हणजे एका बाजूला काका आणि दुसऱ्या बाजूला, अर्थात, मी. पहिल्याच दिवशी दुसऱ्या मजल्यावर माझा दम आणि संयम दोन्ही संपले.

"काका, ते हलके सेल घेतले असते तर काय बिघडलं असतं?"

वर पोचल्यावर त्यांनी बॅटरी दाराजवळच्या प्लगपाशी ठेवली. घरात धड चालणारा जाड पिनांचा प्लग तेवढाच. आतल्या खोलीत त्यांचे थोरले भाऊ, दादा, पलंगावर होते. अर्धांगवायू झाल्यापासून ते तिथेच असतात, आणि दोघांच्या त्या घरात तिसरं कोणी नाही.

काका हळू आवाजात म्हणाले, "उद्या ही पेटली तर तू पळशील, मी पळेन. दादाला उचलायला दोन माणसं लागतात गं. आणि बाहेर जायचा रस्ता हा एवढाच, या प्लगवरून."

मी म्हटलं, "चार्ज झाली की आपण दोघं ही खाली नेऊ, मग आजच चक्कर मारून या. मी बसते दादांपाशी."

काका तयारच होईनात. शेवटी आतून दादाच बोलले. शब्द अडखळत येतात त्यांचे. "मनू, जा की. खाडी बघून ये." लहानपणी दोघं भाऊ संध्याकाळी कळव्याच्या पुलावर जाऊन पाणी बघत उभे राहायचे, हे मला दादांनीच सांगितलं, बॅटरी काकांबरोबर खाली पोचवून मी परत वर आल्यावर.

मी सहज गॅलरीत आले. खाली काकांनी सायकल सुरू केली होती. सुरेख चालत होती, आवाजही नाही. गेट सताड उघडं होतं. काका गेटपर्यंत गेले आणि वळले. पुन्हा गेट, पुन्हा वळण. प्रत्येक फेरीला मान वर करून दादांच्या खिडकीकडे बघत होते. मी चटकन आत आले.

थोड्या वेळाने ते घाम पुसत वर आले.

"पाहिलीस खाडी?" दादांनी विचारलं.

"पाहिली ना. भरती होती, दादा. पाणी पार काठाला."

दादांचा एका बाजूचा चेहरा हसला.

मी चपला घातल्या. दारात काकांना म्हटलं, "पुढच्या रविवारी मी पुन्हा येऊन बसते. तेव्हा ओहोटी बघून या."