उजव्या हाताला परवानगी

माझ्या बायकोच्या उजव्या हाताला व्हिसा मिळाला, बाकीच्या बायकोला मिळाला नाही.

हे सांगायला एजंट आग्नेल फर्नांडिस कुडाळहून स्वतः आमच्या घरी वेंगुर्ल्याला आला. खुर्चीत बसून त्याने आधी पाणी मागितले आणि मग सांगितले, "काका, नियम नवो आसा. माणसाचा जेवढा वळखीचा ठरता, तेवढ्याकच परवानगी. काकींचो उजवो हात मनगटापर्यंत वळखलो."

"आणि बाकीची काकी?"

"ती हयच रवतली."

मी एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालो. नियम म्हटला की मी ऐकून घेतो. पण या वेळी मला राग आला, आणि तो कोणावर काढायचा हे न कळल्यामुळे मी फर्नांडिसला चहा विचारला नाही.

आमची लेक दर्शना परदेशात असते. पहिल्या खेपेला आठव्या महिन्यात तिचे बाळ पोटातच गेले, तेव्हा जावई कामावर होता आणि तिच्याजवळ दुसरे कोणी नव्हते. ती आम्हाला फोन करून रडलीसुद्धा नाही. नुसती फोन धरून बसली होती. तेव्हापासून इंदूने, माझ्या बायकोने, एकच धरले होते, पुढच्या वेळी मी तिच्या उशाशी असणार. आता दर्शनाचे पुन्हा दिवस भरत आले होते.

तयारीत आम्ही कसूर केली नव्हती. नव्या तपासणीत दहाही बोटे, डोळे आणि चेहरा यंत्रापुढे धरायचा असतो. इंदूने सगळा जन्म काजूच्या कारखान्यात काढला. डाव्या हाताने बी पात्याखाली धरायची, उजव्याने दांडा ओढायचा. टरफलातले तेल डाव्या बोटांना खात राहिले. त्या बोटांची टोके चिंचोक्यासारखी गुळगुळीत झाली आहेत, ठसाच उमटत नाही. म्हणून मी डाव्या हाताला सगळ्या कामातून रजा दिली. रोज खोबरेल चोळले. बांगडे मी साफ केले, आणि ते कसे केले हे आमच्या मांजराला विचारा, सगळा फायदा त्याचा झाला.

डोळ्यांत मोतीबिंदू होता, तो काढून आणला. तरी राहिलेली भीती चेहऱ्याची होती. यंत्राला चेहरा स्थिर लागतो. रोज दुपारी मी अधिकारी होऊन इंदूच्या समोर बसायचो.

"नाव?"

"इंदुमती वासुदेव कुबल." चेहरा दगडासारखा.

"कोणाकडे चाललात?"

"लेकीकडे." आणि तिथे तिचा चेहरा सुटायचा. ओठ हलायचे, डोळे भरायचे. मी पुन्हा पहिल्यापासून विचारायचो. प्रत्यक्ष तपासणीतही त्यांनी तेच विचारले, आणि तिथेही तेच झाले. डाव्या बोटांचे ठसे उमटले नाहीत, नव्या डोळ्यांचा जुन्या नोंदीशी मेळ बसला नाही आणि सुटलेला चेहरा यंत्राने धरला नाही. उजवा हात तेवढा शांत होता.

फर्नांडिस अर्ज मागे घेऊ या म्हणत होता. इंदूने आपला उजवा हात उलटसुलट करून बघितला.

"हात जाता मां?" तिने विचारले. "मगे जांव दे. बाळंतिणीक हातच लागता. तोंड बघून कोणाची पाठ शेकली जाता काय?"

मुंबईच्या विमानतळावर एका वयस्क अधिकाऱ्याने हात सोडवून घेतला. दुखले नाही. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर देतात तसा एक बिल्ला त्याने मला दिला. बांगड्या मनगटाच्या वर येतात, म्हणून त्या इकडेच राहिल्या. सामान मुठीत मावेल तेवढेच न्यायची मुभा होती. इंदूने डिंकाचे लाडू परत पिशवीत घातले आणि मुठीत वेखंडाचा तुकडा दिला.

"नीट जा," ती हाताला म्हणाली. "दर्शनाक कळा येतीत तेव्हा सोडू नको."

हात सरकत्या पट्ट्यावरून पुढे गेला. इंदूने निरोपाला हात वर केला, तो डावा होता.

दर्शनाला कळा सुरू झाल्या तेव्हा इंदू माजघरात बसून होती. रिकामे मनगट तिने पदरात धरले होते. मधूनच म्हणायची, "दाबल्यान. जोरात दाबल्यान." मग एकदम म्हणाली, "सोडल्यान." आणि आम्ही दोघेही फोनकडे बघत बसलो. फोन वाजला. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. मी रडलो हे लपवून काय करू.

पुढचे दिवस फार चांगले गेले, हे मला सांगितलेच पाहिजे. इंदू इकडे बसल्या जागी नातीची टाळू भरायची. तेल कोमट आहे की जास्त तापले आहे हे तिला कळायचे. "केस दाट आसत गो," ती शेजारणींना सांगायची. इंदूची वेणी मी घालायचो. सुरुवातीला ती सुंभासारखी व्हायची, नंतर जमू लागली.

परवानगीची मुदत संपत आली तेव्हा मी बिल्ला शोधून ठेवला. त्याच आठवड्यात दर्शनाचा फोन आला.

"बाबा, माका कामार जावचा लागतला. आणि बाळ हाताशिवाय निजणा नाय. आमी हाताच्या कायमच्या वास्तव्याचो अर्ज केलो."

"आईला न विचारता?"

"विचारलंय. संमतीक उजव्या हाताचो अंगठो लागता. हातान स्वतः दिल्यान."

मी फर्नांडिसला फोन लावला. तो म्हणाला, काका, अंगठा असल्यावर कोणाचे काही चालत नाही. कायमचे वास्तव्य मिळाले की संवेदनाही त्याच देशाची होते, इकडे काही कळत नाही, असेही तो म्हणाला. मी त्याला वाटेल ते बोललो. त्याने ऐकून घेतले.

इंदू मात्र एवढेच म्हणाली, "माझ्याकडे मागल्यान असता तरी मी दिलाच असता."

मंजुरी आली ती भर दुपारी. इंदू आमटी वाढत होती. तिने पळी ठेवली, मनगट चोळले आणि म्हणाली, "गेला." मग पुन्हा पळी घेतली.

आता रविवारी व्हिडिओ कॉल होतो. परवाच्या रविवारी नात पहिल्यांदा "आजी" म्हणाली. दर्शनाने आनंदाने फोन फिरवला. पोर सतरंजीवर बसली होती, आमच्याकडे तिची पाठ होती. ती हाताला आजी म्हणत होती. हाताने तिच्या डोक्यावरून फिरून तिच्यापुढे एक बोट केले आणि तिने ते मुठीत धरले.

इंदू फोनच्या जवळ सरकली.

"दर्शना," तिने विचारले, "घट धरल्यान काय गो?"

"होय आई. खूप घट."

"बरा," इंदू म्हणाली.