सदर कुत्रा

आमच्या शेजारच्या माणिकनानांच्या घरी दूध उतू गेलं, तर ते आधी घड्याळ बघतात. वेळ कागदावर लिहितात, मग गॅस बंद करतात आणि मग मधल्या भिंतीवरून आमच्या अंगणात हाक मारतात, "सई, सार्थक, पंच म्हणून या बरं." माझी दोन्ही लेकरं हातातलं टाकून पळतात. सई नऊ वर्षांची, सार्थक सहाचा. दोघं नानांच्या ओट्याशी उभे राहून सांडलेलं दूध समक्ष पाहतात. नाना पंचनामा लिहितात, मोठ्यानं वाचून दाखवतात आणि खाली दोघांच्या सह्या घेतात. तोवर दूध वाळून ओट्याला चिकटलेलं असतं, पण ते पुसणं पंचांच्या कामात येत नाही.

नाना तलाठी होते. लातूर जिल्ह्यातले निम्मे तालुके फिरून तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. गारा पडल्या, पत्रे उडाले, कडब्याच्या गंजीला आग लागली, की जागेवर जायचं, पंच उभे करायचे आणि दिसेल ते लिहायचं, हे त्यांनी जन्मभर केलं. निवृत्तीनंतर गारा आणि पत्रे शासनाकडे राहिले, सवय तेवढी नानांबरोबर घरी आली. घरात दुसरं कुणी नाही. काकू त्यांच्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी गेल्या, मुलगा पुण्यात असतो आणि रविवारी फोन करतो.

"नाना, एवढाले पंच चालतात का?" मी सुरुवातीला एकदा विचारलं होतं.

"मॅडम," नाना म्हणाले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, म्हणून मी मॅडम. "जन्मभर मोठे पंच वापरून बगितले. मोठा माणूस आधी इचारतो, कुणाकडून सांगू? लेकरू दिसलं तेवढं सांगतं."

माझे मिस्टर औषधांच्या कंपनीत आहेत, आठवड्यातले चार दिवस नांदेडकडे फिरतीवर असतात. मागे लेकरं कुणाच्या तरी नजरेखाली आहेत, एवढ्यावर मी समाधानी होते. ती नजर माझ्यावरही असणार, हे तेव्हा लक्षात आलं नाही. एकदा भेंडीवरून सार्थकच्या पाठीत मी एक धपाटा घातला. पंधरा मिनिटांत नाना कागद घेऊन दारात.

"स्थळपाहणी करायची हाय."

"कुठली?"

"पाठीची."

पंचनाम्यात आलं ते असं: 'पाठीवर वळ आढळून आला नाही. फिर्यादीच्या ताटात भेंडी मात्र आढळून आली.' कागद माझ्या बाजूचा होता, तरी मला दोन दिवस भेंडी करण्याची हिंमत झाली नाही.

नानांचे सर्वाधिक कागद मात्र आमच्या पेढ्यावर झाले. पेढ्या म्हणजे आमचा कुत्रा. सई त्याला कुठल्याशा बांधकामावरच्या वाळूतून फ्रॉकात घालून घेऊन आली होती. जरा जास्त भाजलेल्या पेढ्याचा रंग, डावा कान मोडलेला. कुकरची शिट्टी झाली तरी पलंगाखाली जाऊन बसणारा हा प्राणी नानांच्या अंगणात मात्र वाघ होऊन शिरायचा. नानांनी त्याचं नाव कधीही उच्चारलं नाही. तोंडी आणि लेखी तो 'सदर कुत्रा' होता.

पहिला पंचनामा ठशांचा. 'नुकत्याच पुसलेल्या फरशीवर चिखलाचे चौदा ठसे आढळून आले. ठशांची दिशा पूर्वेकडून पश्चिमेकडे, म्हणजे स्वयंपाकघराकडे. परतीचे ठसे आढळून आले नाहीत. सबब सदर कुत्रा अद्याप आत आहे.' तो आतच होता. दुसरा पंचनामा नानांच्या डाव्या चपलेचा. 'चपलेचा अंगठा उपलब्ध नाही. सदर कुत्र्याचा हेतू वाईट नव्हता असे पंचांचे म्हणणे पडले. हेतू पाहणे पंचांचे काम नाही, हे त्यांना समजावून सांगितले.' असे कागद नानांनी फायलीला लावून ठेवले. फाईल जाड होत गेली आणि पेढ्याही.

तुळशीचं लग्न झालं आणि आमच्या गल्लीतून वराती सुरू झाल्या. एका दुपारी अशीच एक वरात निघाली. डीजे होता, फटाक्यांची लांबलचक माळ होती आणि आमचं फाटक कुणीतरी उघडं टाकलं होतं. ते कुणीतरी म्हणजे मीच. वरात गेली, धूर ओसरला आणि पेढ्या घरात नव्हता. पलंगाखाली नव्हता, नानांच्या स्वयंपाकघरातही नव्हता.

सार्थक रडून रडून झोपला. सई रडली नाही, फक्त विचारत राहिली, "येईल ना?" मी येईल म्हणाले. वर्गात चाळीस मुलांना न घाबरता काहीही सांगणारी मी, पण हे सांगताना मला तिच्याकडे बघता येईना.

नानांनी तपास हाती घेतला. गल्लीतल्या सगळ्यांचे जबाब झाले. गिरणीवाल्याचा जबाब मी वाचलाय. 'कुत्रा पाहिला काय? पाहिला. कसा होता? कुत्र्यासारखा. कुठे गेला? पीठ डोळ्यांत होते.' किराणावाल्यानं दोन वेगवेगळ्या कुत्र्यांची माहिती दिली, त्यातला एक मांजर निघाला. नानांनी गल्लीचा नकाशा काढला, चतुःसीमा घातल्या आणि निष्कर्ष लिहिला: फटाके पश्चिमेला वाजले, भ्यालेलं जनावर आवाजाच्या उलट दिशेला जातं, सबब पूर्व. सबंध गल्लीनं दोन दिवस पूर्व पालथी घातली.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना मला औसा रोडला नाना दिसले. बाराच्या उन्हात, छत्री काखेत मिटलेली, हातात ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडा. एका उभ्या ट्रॉलीखाली वाकून ते हळू आवाजात म्हणत होते, "पेढ्या. ए पेढ्या. बाळा, ये बरं. कुणी काय म्हणणार न्हाई." मी स्कूटी मागेच थांबवली. तेवढ्यात त्यांना मी दिसले. ते ताठ झाले आणि खिशातून कागद काढला.

"स्थळपाहणी चालू हाय."

"चालू द्या," मी म्हणाले आणि निघून आले. त्यांचे गुडघे दुखतात हे मला माहीत होतं, तरी त्यांना घरी चला म्हणायला मला जमलं नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. सार्थकनं दोन दिवस नीट खाल्लं नव्हतं. मी म्हणाले, "नाना, एक कागद करा. शोधलं, सापडला नाही, असा. माझं लेकरांना पटत नाही, तुमचं लिहिलेलं पटेल. रोज येईल येईल म्हणून किती दिवस काढू?"

नानांनी कागद घेतला. 'मौजे लातूर' एवढं लिहिलं आणि पेन थांबलं.

"मॅडम, भूकंपाच्या साली मी नवा होतो. नोकरीला सहा म्हैने झाले होते. किल्लारीच्या पलीकडं एका गावात मला बसवलं, छापील तक्ते देऊन. माणसं, घरं, बैल, गाया, म्हशी, शेळ्या. सगळ्याला रकाना. मी लिवत होतो. एक पोरगी आली, आसंल सात-आठ वर्षांची. तिच्या घरचं लिवून झालं होतं माझं. लई होतं. म्हणली, आमचा वाघ्या राहिला. म्हणलं, वाघ्या कोण? म्हणली, कुत्रा."

नानांनी समोरचा कागद सरळ केला.

"कुत्र्याला रकाना नव्हता. म्हणलं, बाळा, ह्यात कुत्रं बसत न्हाई. तर म्हणली, खाली जागा हाय की. आन् होती मॅडम. खाली चार बोटं जागा होती."

"मग?"

"मग काय. मागं रांग होती. पुढचं नाव पुकारलं. दुसऱ्या दिवशी तिचा मामा तिला घेऊन गेला म्हणले. कोणत्या गावाला, ते इचारलं न्हाई मी." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "हे माझ्याच्यानं लिवणं व्हणार न्हाई. तुम्ही दुसऱ्या कुणाकडून घ्या."

मला रडू आलं. मी त्यांच्यासमोरच रडले, डोळे पुसले आणि घरी येऊन लेकरांना पुन्हा येईल म्हणाले.

सकाळी सातला भिंतीवरून हाक आली. "सार्थक, तुझा जबाब राहिला. ये बरं." सगळ्या गल्लीचे जबाब झाले होते, पण त्या दिवशी सार्थक रडत होता म्हणून त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं. लहान पंचावर विश्वास ठेवणाऱ्या माणसानं नेमका सगळ्यात लहान पंच सोडला होता. नाना स्टुलावर बसले, सार्थक त्यांच्यासमोर उभा राहिला.

"सदर... पेढ्या भ्याला की काय करतो?"

"पलंगाखाली जातो."

"मग?"

"शिट्टी थांबली की ओट्यापाशी येतो. कारण शिट्टीनंतर भात असतो."

नानांनी पेन खाली ठेवलं. त्यांनी एकदा नकाशाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "वरात कुठं गेली होती, मॅडम?"

वरात पश्चिमेला मंगल कार्यालयात गेली होती. आम्ही चौघं गेलो. कार्यालयाच्या मागच्या बाजूला, जिथं मोठी पातेली घासतात, तिथं पेढ्या आडवा पडला होता. तीन दिवसांत त्यानं तीन लग्नं जेवली होती आणि त्याला उठवत नव्हतं. आम्हाला बघून त्यानं शेपूट हलवली, बाकीचं अंग तसंच राहिलं. सार्थक त्याच्या पोटावर जाऊन पडला, आणि सई, जी तीन दिवस रडली नव्हती, ती तिथल्या खरकट्या पाण्यात बसून मोठ्यानं रडली.

"तुमचा हाय का?" आचारी म्हणाला. "आमाला वाटलं मुलीकडचा हाय. मुलाकडचे म्हणले आमचा न्हाई."

घरी येऊन नानांनी पेढ्या सापडल्याचा पंचनामा केला. दोन्ही पंचांनी सह्या केल्या. मला वाटलं संपलं, पण नानांनी दुसरा कोरा कागद घेतला. बराच वेळ लिहीत होते. मग वाचून दाखवू लागले. 'वाघ्या. जात कुत्रा. रंग माहीत नाही. भूकंपात घराखाली सापडून मयत. मालक एक मुलगी. तिचे नाव विचारायचे राहिले.' वाचून झालं. कागद त्यांनी सईपुढे सरकवला. "सही कर बाळा."

सईनं पेन घेतलं आणि पुन्हा ठेवलं. "नाना, आम्ही वाघ्याला पाहिलं नाही. मग सही कशी करायची?"

मला तिचा राग आला. पण नाना मान हलवत म्हणाले, "हाव. बरोबर हाय. न बगता सही करायची न्हाई." आणि कागद परत ओढून घेऊ लागले.

सईनं कागदावर हात ठेवला. "तुम्ही पाहिला होता?"

"न्हाई. ती सांगत होती, तेवढं ऐकलं."

सईनं कागद पुन्हा नानांकडे फिरवला. "मग असं लिहा," ती म्हणाली, "नाना वाघ्याचं सांगत होते, ते आम्ही समक्ष पाहिलं."

नानांनी तसं लिहिलं. मोठ्यानं वाचून दाखवलं. सईनं सही केली, सार्थकनं केली. मग त्यांनी पेन माझ्याकडे दिलं. मी सही केली आणि विचारलं, "नावाखाली काय लिहू? शिक्षिका?"

"शेजारी लिवा," नाना म्हणाले.