बेलिफकाकांचा कोंडवाडा

बेलिफकाका म्हशीला ‘आपण’ म्हणतात. चेष्टेने नाही, अगदी मनापासून. कोंडवाड्याच्या फाटकाबाहेर ते तुमच्याआमच्यासारखं मालवणी बोलतात, वाटेत कोण भेटलं तर ‘खंय गेल्लंस रे’ म्हणून हटकतात. पण फाटकाच्या आत पाऊल पडलं की कचेरीत शिरल्यासारखे शुद्ध मराठीत शिरतात. मी स्वतः कुंपणावरून ऐकलंय. समोर परबांची म्हैस रवंथ करत उभी, आणि हे हात मागे बांधून तिला विचारतायत, “आपण काल दुपारी दुसऱ्याच्या चवळीत कोणाच्या परवानगीने गेला होतात?” म्हशीने शेपटी हलवली. “ठीक आहे,” काका म्हणाले, “आरोपीस काही सांगायचे नाही.”

जन्मभर त्यांनी तालुक्याच्या कोर्टात बेलिफ म्हणून काम केलं. समन्स बजावत सायकलवरून पार धामापूरपासून कसालपर्यंत फिरले. बेलिफ म्हणजे कोणालाच नको असलेला पाहुणा; हा माणूस पुढच्या दारी दिसला की लोक मागच्या दाराने बागेत पसार व्हायचे. निवृत्त झाल्यावर सहा महिने ते घरी बसले, आणि काकींच्या डोक्यावर मिऱ्या वाटल्या. डाळीत मीठ कमी पडलं तरी काकींची जबानी घ्यायचे. शेवटी काकीच सरपंचांकडे गेल्या आणि म्हणाल्या, ह्यांना काहीतरी काम द्या, नाहीतर मला तरी कोंडवाड्यात घाला. सरपंचांनी कोंडवाडाच काकांच्या ताब्यात दिला.

कोंडवाडा आमच्या गावात पूर्वीपासून होता, पण नावालाच. भात कापून झालं की आमच्याकडे गुरं उनाड सोडायची पद्धत. दावं काढायचं आणि जा बाबांनो म्हणायचं. मग ज्यांनी उन्हाळी भाजी, कुळीथ, चवळी केलेली असते त्यांच्या नाकी नऊ येतात. पंचायतीने अशी गुरं धरून कोंडायची, मालकाने दंड भरून सोडवून न्यायची, हा नियम. पण धरणारा शिपाई गावातलाच आणि म्हैस त्याच्या मावशीची, मग धरतोय कोण. कोंडवाड्याच्या चिऱ्यांवर शेवाळ चढलं होतं आणि आत सुरणाचे कंद माजले होते.

काकांनी सुरण उपटून वाटून टाकले आणि पहिल्याच आठवड्यात सरपंचांची गाय धरली. सरपंच हसत हसत आले, की काका, आपलीच गाय. काकांनी त्यांना बाहेरच्या बाकड्यावर बसवलं, कारण आधी आलेल्या दोन म्हशींच्या मालकांची सुनावणी चालू होती. आणि सुनावणी म्हणजे खरोखरची सुनावणी. जनावर दाव्याला बांधलं होतं की नाही, सुटलं की सोडलं, कुठल्या वाटेने गेलं, याआधी असं काही केलंय का. सगळं झाल्यावर चहा. काकांच्या तोंडात कोर्टातला एक शब्द कायमचा बसलाय, ‘सबब’. “सबब, चहा घ्यावा.” “साखर संपली आहे, सबब गूळ घातला आहे.” चहा प्यायल्याशिवाय जनावर सुटत नाही. सरपंचांची गाय सुटायला दुपार झाली, आणि दुसऱ्या दिवसापासून गावात दाव्यांचा खप वाढला.

मी त्यांची शेजारीण. त्यातून आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाल्यापासून पंचायतीची सदस्यही. म्हणजे घरी असले तर कुंपणावरून आणि सभेत गेले तर टेबलावरून, काका मला दोन्हीकडे भेटतात. मासिक सभेत एकदा कोणीतरी भटक्या कुत्र्यांची तक्रार आणली. कुत्रं कोंडवाड्यात ठेवायची तरतूद नाही, असं काकांनी आधी ठासून सांगितलं. पण तक्रार आली ती आली. संध्याकाळी पाहते तर स्टँडवरचं पांढरं कुत्रं समोर बसवून हे त्याला बोट दाखवून काहीतरी समजावतायत. पुढच्या सभेत तोंडी अहवाल आला, “सदर कुत्र्यास समज देऊन सोडण्यात आले.” माकडांचं विचारलं तर म्हणाले, ते वनखात्याचं कार्यक्षेत्र, आपण त्यात तोंड घालू नये. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी कपाळाला हात लावला.

आता मुद्द्यावर येते.

आमच्या गावात देवाचा पाडा, म्हणजे देवाला सोडलेला गोऱ्हा, होता. गाय व्यायली की एखादा पाडा रवळनाथाला सोडायची पद्धत आहे. देवापुढे उभं राहून गाऱ्हाणं घालायचं, ‘बा देवा म्हाराजा, आजपासून ह्यो तुझो’, की झालं. मग त्याला कोणी बांधत नाही, मारत नाही, त्याने कोणाचं काही खाल्लं तर हात जोडायचे. हा पाडा खुद्द काकींच्या गायीचा. लॉकडाऊनच्या साली काकी अंथरुणाला खिळल्या, तेव्हा त्यांनी तो देवाला सोडायचा असं बोलून ठेवलं होतं. काकी गेल्या. देऊळ बंद, माणसांना बाहेर पडायची बंदी. काकाच एका दुपारी पाड्याला घेऊन देवळाच्या पायरीशी गेले, आणि परत येऊन सांगितलं की सोडलो देवाक. त्यानंतर काकांनी गायही लेकीच्या सासरी देऊन टाकली. लेक तिकडे नांदते, इकडे काका एकटे.

पाडा मात्र वाढला, आणि कसा वाढला म्हणता. देवाच्या नावावर आख्खं गाव चरायला मोकळं. यंदा त्याने माझी लाल भाजी खाल्ली. नुसती खाल्ली नाही, बसून खाल्ली. तीन वाफे साफ, आणि चौथ्यात लोळण. माझं डोकं फिरलं. तशीच तणतणत काकांकडे गेले आणि म्हटलं, गरिबाची म्हैस धरतात सगळे, देवाचा पाडा धरून दाखवा म्हणजे तुमचा कायदा खरा.

काकांचा चेहरा उतरला. मला वाटलं, घाबरले. मग उठले, फणसाच्या पानांचा एक डहाळा तोडला आणि चालू लागले. पाडा त्यांच्या मागून शेळीसारखा आला आणि मुकाट कोंडवाड्यात शिरला.

गावात हलकल्लोळ झाला. देवाच्या पाड्याला अटक. त्यात काकांनी मालकाच्या नावे नोटीस काढली आणि देवळाच्या खांबाला चिकटवली, ‘श्री देव रवळनाथ, राहणार येथील, यांस कळविण्यात येते की आपले जनावर’ वगैरे. आठवड्याच्या आत मालक आला नाही तर लिलाव, हा पंचायतीचा नियम, आणि तोही खाली ठळक लिहिलेला. देवळाचे मानकरी अप्पा संतापले. देव काय चालत येणार कोंडवाड्यात? काका म्हणाले, प्रतिनिधी चालेल, पण जनावर माझं आहे असं मालकाने सांगायला हवं.

मग अप्पांनी कौल लावला. म्हणजे देवाच्या अंगावर फुलाच्या पाकळ्या लावायच्या आणि विचारायचं. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. सगळा गाव देवळात. काका मागे खांबाला टेकून उभे. अप्पांनी खणखणीत आवाजात विचारलं, बा देवा, पाडो तुझो आसलो तर उजवी दी, म्हणजे ह्या बेलिफाचा तोंड बंद होयत.

डावी पडली.

अप्पांच्या तोंडचं पाणी पळालं. पुन्हा लावला. पुन्हा डावी. देव म्हणतोय, पाडा माझा नाही. देवळात जी कुजबूज सुरू झाली ती विचारू नका. इतकी वर्षं हात जोडणाऱ्या प्रत्येकाला आपापली भाजी आठवायला लागली. कोणाची केळ, कोणाचे मुळे, एकीचा तर वाळत घातलेला परकर. मी हळूच खांबाकडे पाहिलं. काका तिथे नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी जाऊन सांगितलं की माझी तक्रार मी मागे घेते. खरं सांगते, कोंडवाड्यात एकटं बसलेलं ते धूड बघून मला बरं वाटत नव्हतं. काका म्हणाले, तक्रार मागे घेता येते, पण जनावर आत आलं ते आलं. आता एक तर मालक, नाही तर लिलाव. हे सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. समोरच्या टोपलीत फणसाची पानं होती, ताजी.

लिलावाच्या दिवशी घाटावरचा एक व्यापारी टेंपो घेऊन आला. माणूस चांगला होता, पण पाडा घेऊन जाणार म्हणजे कायमचाच. गावातल्या कोणाची बोली लावायची हिंमत नव्हती. देवाने नाकारलेलं जनावर दारात कोण बांधणार? मी बोलू पाहिलं तर आमच्या ह्यांनी माझा हात दाबला. पाडा आत पाय दुमडून बसला होता. व्यापाऱ्याच्या दोन माणसांनी उठवायला जोर लावला, आमच्या दोघांनी मागून रेटलं, पाडा जागचा हलला नाही.

काका फाटकात उभे राहिले. टोपी नीट केली. म्हणाले, “एक वार.”

व्यापाऱ्याने मान हलवली. “दोन वार,” काका म्हणाले. मग तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. आम्ही वाट बघतोय, व्यापारी वाट बघतोय. सरपंच म्हणाले, “काका, तीन वार म्हणा.”

काकांनी टोपी काढली. फाटकातून बाहेर आले आणि जिथे रोज मालक उभे राहतात तिथे, बाकड्याजवळ, जाऊन उभे राहिले.

“मालक हजर आसा,” ते म्हणाले.

“खंय आसा?” सरपंचांनी इकडेतिकडे पाहिलं.

“ह्यो काय. मियाच.”

कोणाला काही कळेना. मग काका सांगू लागले, खाली बघत, थांबत थांबत. त्या दुपारी ते पाड्याला घेऊन देवळापाशी गेले होते हे खरं. पायरीवर उभे राहिले हेही खरं. “पण गाराणा घालूक गेलंय तर तोंडातसून शब्द फुटाक नाय. ह्यो तुझो म्हटलंय, की देवाचो झालो. तिच्या हातचा माझ्याकडे रवलेला तां ह्यां एकच. दितलंय कसो?” काकींच्या हातचं उरलेलं ते एकच, ते देववेना; मग त्यांनी पाड्याला नुसतं दाव्यातून सोडलं आणि लोकांना सांगितलं की देवाला दिला. बांधून ठेवला असता तर काकींचा शब्द मोडला असं गाव म्हणालं असतं. म्हणून इतकी वर्षं तो देवाचा म्हणून फिरला, आणि रोज तिन्हीसांजेला यांच्या मागीलदारी येऊन फणसाची पानं खाऊन गेला. ज्याची त्याची गुरं धरणाऱ्या माणसाचं स्वतःचं जनावर गावभर उनाड होतं, आणि ते त्याला एकट्यालाच माहीत होतं.

मला भडभडून आलं. पण अप्पा मानकऱ्यांना काय आलं असेल? ते आनंदाने जागच्या जागी उडालेच. “म्हणान देवान डावी दिल्यान!” ते ओरडले. “देव खोटा कसो बोलात?” तिथून जे हसणं सुटलं, ते व्यापाऱ्यापर्यंत पोचलं. त्याला कोणी तरी जेवायला घेऊन गेलं, टेंपो रिकामाच राहिला.

पण काका जागचे हलेनात. म्हणाले, सुनावणी झाल्याशिवाय जनावर सुटायचं नाही, आणि आज आपण आरोपी, सबब दुसऱ्या कोणी तरी घ्यावी. सगळ्यांनी मला पुढे ढकललं. सदस्यही मीच, फिर्यादीही मीच. मी टोपी घातली नाही एवढंच, बाकी हात मागे बांधून उभी राहिले. जनावर सुटलं की सोडलं, विचारलं. “सोडलंय,” काका म्हणाले. पुन्हा सोडाल का, विचारलं. “नाय. आता बांधतलंय.” पुढे काय विचारायचं मला सुचेना, म्हणून मी म्हटलं, त्याला काही नाव आहे का?

काका पहिल्यांदाच हसले. ओले डोळे तसेच ठेवून हसले.

“आसा तर. तिना ठेवल्यान. माका म्हणायची, तुमचो सायब कोर्टात, ह्यो माझो सायब. दिवसभर तुमी तेका सलाम करा, मी हेका करतंय.”

एवढी वर्षं आम्ही त्याला देवाचा पाडा म्हणत होतो. त्याला नाव असेल हे कोणाच्या मनातही आलं नव्हतं. मी बाजूला झाले. काका फाटकाबाहेरच उभे राहिले, आत गेले नाहीत, दावंही मागितलं नाही. नुसती हाक मारली, हळू, घरातल्या माणसाला मारावी तशी.

“सायबा, चल रे घराक. ती वाट बगतली.”

चार माणसांनी न हललेला पाडा उठला आणि त्यांच्या मागून चालू लागला.